टाकीखालची बादली

त्या उन्हाळ्यात मी रोज संध्याकाळी सात वाजता बायकोसमोर तोंड उघडून उभा राहायचो. ती चष्मा कपाळावर चढवायची (हुंगण्याचा आणि चष्म्याचा संबंध काय, हे विचारायची माझी तेव्हा पत नव्हती) आणि म्हणायची, "हा करा." मी "हा" करायचो. दाराच्या चौकटीला टेकून आमची नऊ वर्षांची लेक निकालाची वाट बघायची. बायकोने मान हलवली की लेक टीव्ही लावायची, कुकर चढायचा आणि घर चालू व्हायचं. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. रायपुरात रोज कुठे ना कुठे फीत कापली जायची, नारळ फुटायचा. आमच्या घरचा रोजचा उद्घाटन सोहळा हा असा.

दारू सोडून मला महिना झाला होता. त्यातले पहिले दहा दिवस समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात, पलंगाची लोखंडी कड धरून थरथरण्यात गेले. घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या समजावून सांगितल्या. रिक्षात बसल्यावर बायकोने तिच्या अटी समजावल्या. ती शाळेत शिकवते, त्यामुळे समजावणं तिला नीट जमतं.

"पुन्हा प्याल तर पुन्हा दवाखान्यात आणीन," ती म्हणाली. "पण लपवाल, तर मी पोट्टीले घेऊन अमरावतीले जाईन. भावाने तिथल्या शाळेत बोलून ठेवलं आहे. जूनपासून या म्हणतात."

"मी काहून लपवीन आता?"

"तेच विचारते. काहून लपवता?"

मी रिक्षावाल्याला वळण दाखवायला लागलो. घरी येऊन बघतो तर पलंगाखाली हिरवी सुटकेस भरून तयार. रोज झाडू मारताना बायको सुटकेस बाहेर ओढायची, खालचं झाडायची आणि सुटकेस परत आत सरकवायची. तो घासल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो.

माझी नोकरी ड्राफ्ट्समनची. नव्या राजधानीचे नकाशे काढायचे. जिथे धानाची शेतं होती आणि म्हशी बसलेल्या असायच्या, तिथे मी रुंद, सरळसोट रस्ते ओढत असे. मी आयुष्यात जेवढा सरळ चाललो नाही तेवढे सरळ. पाच वाजेपर्यंत हे बरं चालायचं. खरी पंचाईत पाच ते आठ. वर्षानुवर्षं ते तीन तास मी एका ठरावीक कामाला दिलेले होते, आणि आता ते काम बंद. हात मोकळे, पाय मोकळे, डोक्यात मात्र कोणीतरी सतत खुर्ची सरकवतो आहे असं वाटायचं.

पहिल्या आठवड्यात मी कूलर उघडला. तो बिघडलेला नव्हता. मी उघडल्यावर बिघडला. दुसऱ्या आठवड्यात घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिलं, इतकं की दारं आपोआप उघडायला लागली. मग इस्त्री. सगळे कपडे संपले तेव्हा मी पोतेऱ्याला इस्त्री करताना पकडला गेलो. लेक आईला सांगायला धावली, "मम्मी, पापा पोछा प्रेस कर रहे हैं!" गूळ मी असा खायचो की घरभर सांडलेल्या चुऱ्यामुळे मुंग्यांना डब्यापर्यंत पोचावंच लागायचं नाही.

शेवटी चालायला लागलो. तेलीबांध्याचं तळं तेव्हा आजच्यासारखं नटलेलं नव्हतं. अर्ध्या पाण्यावर जलपर्णी, काठाला वाळत घातलेल्या गोधड्या, आणि एका बाजूने तर पायवाटच नाही. मी फेऱ्या मारायचो. एकदा एका हवालदाराने काठी आडवी घालून थांबवलं.

"कौन पीछे पडा है?"

"कोई नहीं साहब, टहल रहा हूँ."

"ऐसे टहलते हैं? चप्पल तो देखो अपनी."

खाली बघितलं. दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला, त्यातली एक बायकोची.

दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंना आम्ही सगळे दीदी म्हणायचो. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तलब बीस मिनट की मेहमान होती है. आएगी, बैठेगी, जाएगी. आप दरवाजे पर खडे रहकर उसका मुँह मत देखिए. हाथ से कोई लंबा काम कीजिए." रविवारी सकाळी त्यांच्याच दवाखान्याच्या मागच्या खोलीत आम्हा दारू सोडलेल्यांची बैठक असे. तिथे सिलतऱ्याच्या कारखान्यात भट्टीवर काम करणारे एक भैया यायचे. सात वर्षं कोरडे. हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. ते माझं कान देऊन ऐकायचे आणि शेवटी होकाराची मान डोलावून एवढंच म्हणायचे, "हव."

तर, हाताने करायचं लांबलचक काम. मला कुरडया आठवल्या.

का आठवल्या तेही सांगून टाकतो, सुटका नाही. त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. बायकोने चार दिवस खपून गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. विदर्भातलं आमचं घर रायपुरात येऊन दोन पिढ्या झाल्या, लेक मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देते, पण उन्हाळ्यात कुरडया घातल्या नाहीत तर बायकोला वर्ष सुरू झाल्यासारखं वाटत नाही. माझी बाटली त्या काळात गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली, दोन विटांच्या मागे असायची. दुपारी ती आणायला गेलो. आणायला म्हणजे तिथेच संपवायला. परतताना वाटेत वाळत घातलेल्या कुरडया होत्या हे मला आठवलं, पण त्यांच्यावर धपकन बसल्यावर आठवलं. खाली आलो. बायकोने विचारलं, "वर कसला आवाज झाला?" मी अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "कबुतरं. सगळ्या कुरडया तुडवल्या." आणि पाण्याचा ग्लास घ्यायला वळलो. माझ्या पँटीच्या मागे अडीच कुरडया चिकटलेल्या होत्या.

हिरवी सुटकेस बायकोने त्याच आठवड्यात विकत आणली, हे मला नंतर कळलं.

म्हणून मी ठरवलं की यंदा कुरडया आपण घालायच्या. तिला न सांगता. ती सकाळी शाळेत निकालाची कामं करायला जात होती, लेक तिच्याबरोबर. एका गुरुवारी ऑफिसला जाण्याआधी कोठीतले गहू काढले, झाकणाच्या पांढऱ्या बादलीत भिजवले आणि बादली टॉवेलात गुंडाळून जिना चढलो. ऊन लागू नये म्हणून पाण्याच्या टाकीखाली ठेवली. दोन विटा पुढे लावल्या.

आणि खरं सांगतो, महिनाभरात मला इतकं बरं वाटलं नव्हतं. जिना उतरताना मी शीळ घातली. ऑफिसात दोन विनोद केले. संध्याकाळी तळ्याच्या फेऱ्या मारल्या त्या दोन्ही पायांत एकाच जोडाच्या चपला घालून. मला वाटलं, हेच ते, दीदी म्हणतात ते, हाताला काम मिळालं. घरी "हा" केला तोही छाती काढून.

आता कुरडयांचं माझं ज्ञान. गहू तीन दिवस भिजवतात हे मला पक्कं ठाऊक होतं. चौथ्या दिवशी वाटून, गाळून, चीक शिजवतात आणि पोरांना गरम चीक साखर घालून देतात, हेही. मधलं मला काही माहीत नव्हतं, कारण लहानपणी मी फक्त चीक खायच्या दिवशी हजर असायचो. रोज पाणी बदलावं लागतं, ही गोष्ट माझ्या आईने घरातल्या सगळ्या पोरींना सांगितली असणार. मला सांगायचं तिला कारणच पडलं नाही.

रायपूरचा मे महिना. तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, गच्चीवर गेलो तर झाकण मध्यभागी फुगून वर आलेलं. उघडलं. फेस. आणि वास.

आंबलेल्या गव्हाचा वास ज्याला माहीत आहे त्याला तो आंबलेल्या गव्हाचा वाटेल. मला तो मोहाच्या दारूच्या भट्टीचा वाटला. मला तो जुन्या मित्रासारखा वाटला. तोंडाला पाणी सुटलं. मी झाकण लावायला हवं होतं. लावलं नाही. वाकून उभा राहिलो. किती वेळ ते ठाऊक नाही, पण उन्हाने पाठ भाजायला लागली तेव्हा भानावर आलो. मग झाकण दाबून बसवलं, विटा लावल्या आणि ऑफिसला पळालो. शनिवारी अर्धा दिवस काम होतं. त्या अर्ध्या दिवसात मी एक रस्ता तळ्यातून नेला. साहेबांनी नकाशा माझ्यापुढे परत ठेवला आणि विचारलं, "पुल भी बना रहे हो क्या?"

त्या संध्याकाळी घरी मन लागेना म्हणून फेऱ्या जास्तच मारल्या. सात वाजता दार उघडलं तर बैठकीच्या खोलीत मधोमध हिरवी सुटकेस उभी. शेजारी बायको खुर्चीवर. लेक तिच्या मागे, खुर्चीची पाठ धरून.

"हा करा."

केला. तिने हुंगलं. पुन्हा करायला लावला. पुन्हा हुंगलं.

"तोंडाले वास नाही," ती म्हणाली. "मग वर टाकीखाली काय आहे?"

इथे एखाद्या सरळ माणसाने सांगून टाकलं असतं. मी निर्दोष होतो. दहा वर्षांत पहिल्यांदा पूर्ण निर्दोष होतो. आणि माझं तोंड माझ्या परवानगीशिवाय म्हणालं,

"वर? वर काय? काही नाही."

लेक म्हणाली, "पापा, मैं कपडे उतारने गई थी. वही वाली बास आ रही है."

"कबुतरं असतील," मी म्हणालो.

हे मी खरंच म्हणालो. आजही रात्री जेवताना हे आठवलं की मला ठसका लागतो.

बायको उठली. "चला वर."

जिन्यावर ती पुढे, मी मागे, लेक सगळ्यांत मागे. बायको संध्याकाळी एकदा वर जाऊन आली होती. विटा तिने बाजूला केल्या होत्या, पण झाकण उघडलं नव्हतं. का नाही उघडलं, हे मी पुढे कधीतरी विचारलं. म्हणाली, "उघडलं असतं तर जावं लागलं असतं."

"उघडा," ती म्हणाली.

मी उघडलं. तिघांनीही नाकाला हात लावला. बायको वाकली, बघत राहिली. फेसाखालून गव्हाचा एक दाणा वर आला आणि पुन्हा बुडाला.

"हे काय आहे?"

"कुरडयांचे गहू."

"कोणी भिजवले?"

"मी. मागच्या वर्षीच्या… तुले सरप्राईज द्यावं म्हटलं."

"पाणी बदललं?"

"पाणी बदलतात?"

लेकीला हसू फुटलं. मलाही वाटलं, सुटलो. पण बायको हसली नाही. ती टाकीच्या कट्ट्यावर बसली आणि तिने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले.

"मी दोन तास त्या सुटकेसपाशी बसून आहे," ती म्हणाली. "पोट्टीले काय सांगायचं ते ठरवून राहिली होती. अन् तुम्ही गहू लपवून राहिले. गहू! गहू काय लपवायची वस्तू आहे? त्याच जागी? त्याच विटा?"

मी म्हणालो, चांगल्या कामासाठी. ती खाली निघून गेली. सुटकेस बैठकीतच राहिली. तिला वळसा घालून आम्ही जेवलो.

रविवारी सकाळी बैठकीला मी वेळेआधी पोचलो. सगळी गोष्ट सांगितली, थोडी मसाला लावून. पँटीच्या अडीच कुरडयांवर सगळी खोली हसली. गोष्ट सांगणं मला जमतं. पिणाऱ्यांना ते जमावंच लागतं. सिलतऱ्याचे भैया मात्र हसले नाहीत. चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "बाल्टी छुपा के जब सीढी उतरे, तो कैसा लगा?"

"अच्छा लगा."

"कितना अच्छा?"

शीळ आठवली. ऑफिसातले विनोद आठवले. गव्हामुळे मला बरं वाटलं नव्हतंच. वर काहीतरी ठेवलेलं आहे आणि ते फक्त मला ठाऊक आहे, याने बरं वाटलं होतं. बाटलीतून मला जे मिळत होतं त्यातलं अर्धं मला बाटली न उघडताच मिळत होतं.

"हव," भैया म्हणाले. "हमारी दारू छूटी थी पहले साल. ये वाली चीज छूटी चौथे साल. और झाकन खोल के सूँघा कि नहीं?"

त्यांच्याकडे बघवेना. "सूँघा."

"भाभी को बताया?"

"नहीं."

"हव," ते पुन्हा म्हणाले, आणि चहा संपवला.

घरापर्यंत मी चालत आलो. चालत म्हणजे त्या हवालदाराने पुन्हा अडवलं असतं असा. वाटेत माझी स्वतःशी घासाघीस चालू होती. सांगायचं कशाला? प्यायलो तर नाही. सांगितलं तर ती सुटकेस उचलेल. नाही सांगितलं तर तिला कधीच कळणार नाही. आणि "तिला कधीच कळणार नाही" हे वाक्य मनात आलं तेव्हा माझ्या पायांना तीच जुनी हलकी गती आली, शीळ घालणारी. त्या गतीची मला भीती वाटली. पुढचा रस्ता मी मुद्दाम हळू चाललो.

घरी बायको मोरीत बसली होती, पुढे मोठी परात. बादलीतले गहू तिने परातीत ओतले होते. नळ सोडून ती ते चौथ्यांदा चोळून धूत होती. एक दाणा उचलून तिने बोटांत दाबला. पांढरं दूध बाहेर आलं.

"वास गेला तर होतील," ती गव्हांना म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

मी मोरीच्या उंबऱ्यावर बसलो. "मले एक सांगायचं आहे."

तिचे हात थांबले.

"काल सकाळी झाकण उघडलं तेव्हा मी लगेच लावलं नाही. उभा राहून वास घेतला. बराच वेळ. तोंडाले पाणी सुटलं होतं." एवढं बोलून मी थांबलो. पुढे काहीतरी गमतीचं जोडायला जीभ वळवळत होती. तिला दातांखाली धरलं.

नळाचं पाणी परातीत पडत राहिलं. मग भरून वाहायला लागलं. तिने नळ बंद केला नाही, मीही केला नाही.

"मग?" ती म्हणाली.

"मग ऑफिसला गेलो."

"अन् संध्याकाळी मी विचारलं तेव्हा कबुतरं."

"हव."

तिने माझ्याकडे पाहिलं. मुलाने गृहपाठ स्वतः केला की कोणाचा उतरवला, हे बघतात तसं. मग नळ बंद केला.

"चाळणी आणा," ती म्हणाली. "अन् मिक्सर. हे आज नाही वाटलं तर फेकायचंच होईल."

दिवसभर आम्ही वाटलं आणि गाळलं. चीक रात्रभर बसायला ठेवला, बादली स्वयंपाकघरात, ओट्यावर, सगळ्यांना दिसेल अशी. सोमवारी मी रजा टाकली. भल्या सकाळी चीक शिजवायला घेतला. तो घट्ट व्हायला लागला की ढवळायला मनगटात जोर लागतो. ते काम मला दिलं. महिन्यापूर्वी याच हातांनी चहाची बशी धरवत नव्हती. मध्येच हात मंदावला तर बायको म्हणाली, "थांबू नका, गाठी होतील." लेकीने वाटीभर चीक साखर घालून खाल्ला आणि निर्णय दिला, "थोडा खट्टा है, पर चलेगा."

गच्चीवर अंथरायला जुनं सुती लुगडं हवं होतं. कपाटात मिळेना. बायको बैठकीत गेली. सुटकेसच्या दोन्ही कड्या उघडल्याचा आवाज आला. ती तिच्या आईचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं घेऊन बाहेर आली.

माझा चेहरा तिने बघितला असावा. "फार खुश होऊ नका," ती म्हणाली. "वाळल्यावर धुऊन परत तिथेच ठेवणार आहे."

सोऱ्यातून कुरडया तिने पाडल्या. दोन मी पाडल्या. त्या ओळखू यायच्या. मग तिने मला टाकीच्या कट्ट्यावर बसवलं, हातात काठी दिली.

"खरी कबुतरं येतात आता. इथून हलायचं नाही."

मी हललो नाही असं म्हणणार नाही. दहा मिनिटांत उठलो, बसलो, काठी फिरवली, कट्ट्यावरचा चुना नखाने काढला. दुपारी लेक पाण्याची बाटली घेऊन आली आणि म्हणाली, "पापा, मम्मी नीचे से देख रही है. बैठे रहो." पाच वाजता नेहमीचा पाहुणा आला, दीदींनी सांगितलेला, वीस मिनिटांचा. तळ्यावर पळावं तर कुरडया कोण बघणार? मी गुडघ्यांवर बसून त्यांच्या कडा वाळल्या का ते बोटाने तपासत गेलो, एकेक. शेवटच्या ओळीपर्यंत गेलो, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पाहुणा केव्हा गेला ते कळलं नाही. त्या दिवशी तो दोनदा आला, हेही सांगतो.

सात वाजता बायको वर आली. मी सवयीने उठून तिच्यापुढे तोंड उघडलं. तिने चष्मा कपाळावर चढवला, पण आधी कुरडयांकडे वाकली. एकेक बघत गेली. माझ्या दोन कुरडयांपाशी थांबली, पुढे गेली. मी तसाच उघड्या तोंडाने उभा.

मग आली, हुंगलं. "बंद करा, डास जाईल."

कुरडयांना अजून दोन उन्हं हवी होती. रात्री गच्चीवर मांजरं येतात म्हणून लुगड्यासकट खाली न्यायच्या होत्या. तिने एका बाजूचे दोन कोपरे धरले, मी दुसऱ्या. ताणून धरलं नाही तर मधोमध सगळ्या गोळा होतात. जिना अरुंद, पुढे मी, उलटा, पायरी दिसत नाही.

"खाली करू नका तिकडून," ती म्हणाली. "आता पायरी. हं. अजून एक. घाई काहून करून राहिले?"

"करून नाही राहिलो."

"करून राहिले. थांबा जरा. थांबा म्हटलं ना."

मी थांबलो. दोघांमध्ये लुगडं ताणलेलं. तिने पाऊल सरळ केलं, कोपरे हातावर गुंडाळून घट्ट धरले.

"हं," ती म्हणाली. "आता उतरा."